शब्दांची तरवार

1990 सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या संगणकावरील विनोदी खेळांत गायब्रश थ्रीपवुड नांवाच्या तरुणास चांचा व्हावयाचें असतें. तेथील द्वंद्वयुद्ध तरवारीच्या वारानें नव्हे, हजरजबाबानें जिंकावयाचें. वाटेंतल्या चांच्यांशीं हरत हरत तो टोमणे व त्यांचीं उत्तरें शिकतो. पुढें तरवारबाजींत निष्णात अशी कार्ला भेटते. तिचे टोमणे मात्र सर्वस्वीं नवे! उत्तरें जुनींच चालतात. पण कोणतें कोठें बसेल, हें अर्थ जाणणारासच उमगतें. तेथें नुसतें पाठांतर थिटें पडतें. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांत शाहिराची कसोटी हीच. नंदुरबारच्या घरीं असो वा मुंबईच्या, मूल अडलें तर वडिलांनीं उत्तर सांगून टाकूं नये. ‘टोमण्याचा रोख कशावर आहे?’ एवढेंच विचारावें.