निरभ्र आकाशाखालचे विष

२००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये आलेल्या उष्णतेच्या लाटेने सुमारे १५ हजार जादा बळी घेतले. साऱ्या युरोपचा त्या उन्हाळ्याचा हिशेब पुढे मांडला गेला, तेव्हा आकडा ७० हजारांच्या वर गेला. पॅरिसमध्ये ऑगस्ट म्हणजे सुटीचा महिना. मुले-नातवंडे गावाबाहेर, डॉक्टरही रजेवर, आणि जस्ताच्या पत्र्याच्या छपराखालच्या खोल्यांमध्ये एकटीदुकटी म्हातारी माणसे. हे मृत्यू उन्हाच्या खाती लिहिले गेले, आणि बहुतांशी ते बरोबरच होते. पण त्या पंधरवड्यात वरचे आकाश निळेभोर असताना खालच्या हवेत आणखी एक गोष्ट साचत चालली होती. तिचे नाव ओझोन.

ओझोन म्हटले की आपल्याला अंटार्क्टिकावरचे ते भोक आठवते. फ्रिज आणि फवाऱ्यांतल्या वायूंनी पृथ्वीची छत्री फाडली, हे आपण शाळेतल्या मुलांच्या निबंधांत इतक्या वेळा वाचले आहे की ओझोन म्हणजे जपून ठेवण्याची वस्तू, असा आपला पक्का समज झाला आहे. वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर तो खरोखरच आपला रक्षणकर्ता आहे. जमिनीलगत मात्र त्याचे रूप वेगळे. ऑक्सिजनच्या तीन अणूंच्या या रेणूतला तिसरा अणू कायम निसटायला टपलेला असतो आणि ज्याला भेटेल त्याला तो जाळतो. मग ते मोटारीच्या टायरचे रबर असो, गव्हाचे पान असो की फुफ्फुसाचे नाजूक अस्तर.

गंमत म्हणजे हा वायू कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. त्यामुळेच तो सापडायला वेळ लागला. १९४३ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसवर अशी काही धुरकट हवा पसरली की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. युद्धाचे दिवस. काहींना वाटले, शत्रूने विषारी वायू सोडला. मग एका रबराच्या कारखान्यावर आळ आला. कोडे सोडवले ते आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने. हे गृहस्थ त्या सुमारास अननसाचा स्वाद कशात असतो याचा शोध घेत होते. अननसाऐवजी त्यांनी शहरातली हवाच थंड करून तपासली, आणि १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले की मोटारींचा धूर आणि पेट्रोलची वाफ यांच्यावर ऊन पडले की हवेतच ओझोन शिजतो.

'शिजतो' हा शब्द मुद्दाम वापरला. जिन्नस दोन: इंधन जळताना निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, आणि पेट्रोल, रंग, सॉल्व्हंट यांतून उडणाऱ्या सेंद्रिय वाफा. चूल सूर्याची. उष्णतेच्या लाटेत ही चूल ढणढणा पेटते, आणि वरून झाकणही बसते. अशा दिवसांत हवेचा दाब जास्त असतो, वरची हवा खाली दाबली जाते, वारा पडतो, ढग नसतात. कालचे उरलेले आजच्यात मिसळते, आजचे उद्याच्यात. पेट्रोल पंपावर उन्हाळ्यात वास अधिक येतो, तो याच वाफांचा.

यात झाडांचाही हात आहे, हे ऐकून अनेकांना वाईट वाटेल. ओक, पॉप्लर, निलगिरी अशी कित्येक झाडे आयसोप्रीन नावाची वाफ सोडतात, आणि तापमान वाढेल तशी ती अधिक सोडतात. निर्मळ रानात तिचा फारसा उपद्रव नाही. शहराच्या धुराशी गाठ पडली की तीच ओझोनचा जिन्नस बनते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एरवी पाने आपल्या सूक्ष्म रंध्रांतून ओझोन शोषून हवा साफ करत असतात. पण उन्हाने जमीन सुकली की झाड पाणी वाचवण्यासाठी ती रंध्रे मिटून घेते. म्हणजे ओझोन सर्वांत जास्त तयार होतो, नेमका तेव्हाच त्याला गिळणारा संपावर जातो. यात झाडाचा दोष काढता येणार नाही.

आणखी एक चमत्कारिक भाग आहे. ताजा धूर ओझोन खातोही! त्यामुळे वाहनांच्या गर्दीच्या चौकात ओझोन कमी, आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्या उपनगरात किंवा खेड्यात जास्त, असे नेहमी दिसते. लॉस एंजेलिसमध्ये तर रविवारी रस्ते रिकामे असताना ओझोन वाढलेला आढळे. २०२० च्या टाळेबंदीतही जगातल्या अनेक शहरांत धूर घटला आणि ओझोन चढला. नायट्रोजन आणि वाफा दोन्ही पुरेशा कमी केल्याखेरीज हा वायू हटत नाही. अर्धवट उपाय करणाऱ्याला तो हसतो.

उष्णतेने किती माणसे मेली आणि ओझोनने किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या त्या लाटेतल्या दोन हजारांहून अधिक जादा मृत्यूंपैकी २१ ते ३८ टक्के ओझोन आणि धूलिकणांशी निगडित असावेत, असा अंदाज निघाला. फ्रान्समधल्या नऊ शहरांच्या अभ्यासात उष्णता आणि ओझोन यांच्या एकत्रित परिणामातला ओझोनचा वाटा बोर्डो शहरात जेमतेम अडीच टक्के, तर तुलूजमध्ये ८५ टक्के भरला. एवढी तफावत पाहिली की एकच ठोक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये असे वाटते.

आपल्याकडे काय? अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात १,३४४ जादा मृत्यू झाले, आणि २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. पुढे अनेक शहरांनी तो गिरवला. काम मोलाचे आहे. पण त्यातला इशारा ठरतो तापमानाच्या अंदाजावर, हवेत काय शिजते आहे यावर नव्हे. हवेची गुणवत्ता सांगणारा राष्ट्रीय निर्देशांक २०१५ पासून आहे. त्याच्या आठ प्रदूषकांत ओझोन आहे, मात्र किमान तीन प्रदूषकांची आणि त्यांत धूलिकणांची नोंद असली की निर्देशांक काढता येतो. ओझोन मोजलाच नाही तरी आकडा छापून येतो. मे महिन्यातले चंद्रपूर डोळ्यांसमोर आणा. ४५ अंशांच्या पुढे जाणारा पारा, कोळशावरचे प्रचंड वीज केंद्र, कडकडीत ऊन. चूल आहे, जिन्नसही आहेत. मग तिथला उष्णतेचा इशारा ओझोनचा आकडा न विचारता का निघावा?

माणसांचे सोडा, ताटातल्या भाकरी-पोळीचाही प्रश्न आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले सचिन घुडे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये अंदाज मांडला, की २००५ या एका वर्षात ओझोनपायी देशात सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकला. ९ कोटी ४० लाख गरिबांना पुरेल एवढे हे धान्य. शेतकऱ्याला ते दिसले नाही, कारण पीक करपून गेले नव्हते. दाणा भरला नव्हता.

घरात काय करावे, तर साधा कापडी मास्क किंवा धूळ अडवणारा भारी मास्क येथे उपयोगाचा नाही, कारण ओझोन हा कण नसून वायू आहे. घरात आलेला ओझोन मात्र भिंती, पडदे, सतरंज्या यांना चिकटून बराचसा संपतो. आजीच्या काळच्या वाड्यात अकराच्या सुमाराला खिडक्या लोटून घेत आणि ऊन उतरल्यावर उघडत, ती पद्धत या बाबतीतही लागू पडते. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला ती सांगण्यात अर्थ नाही, तिथे खिडकी लावली तर माणूस उकडूनच मरेल. दम्याचे रोगी, म्हातारी माणसे आणि लहान मुले यांनी जपायचे. मूल धावते तेव्हा मोठ्या माणसाच्या तुलनेत वजनाच्या हिशेबाने जास्त हवा ओढते, आणि खोल श्वास घेताना छातीत दुखणे, सुका खोकला येणे ही ओझोनची खूण असू शकते. ओझोन साधारणपणे दुपारी बारा ते पाच या वेळात शिगेला पोचतो आणि संध्याकाळी ओसरतो. सुटीतली क्रिकेटची शिबिरे सकाळी दहाला संपवून उरलेला खेळ संध्याकाळी सहानंतर ठेवता येतो.