आधी शाळा, मग कारखाना

शिक्षणावरील खर्च हा उपभोग की गुंतवणूक, हा अर्थशास्त्रातील जुना वाद आहे. स्पेनच्या बास्क प्रदेशातील मोंद्रागोन गावाने त्याचे उत्तर कृतीने दिले. यादवी युद्धाने होरपळलेल्या या गावात 1941 साली होसे मारिया अरिस्मेंदियारिएता हे कॅथलिक धर्मगुरू आले. तेथील मोठ्या कारखान्याची प्रशिक्षणशाळा मोजक्याच मुलांसाठी होती. ती सर्वांना खुली करण्यास कारखान्याने नकार दिला. तेव्हा गावात जागोजागी पेट्या ठेवण्यात आल्या. पैसा वा श्रम, जे देणे शक्य असेल ते लिहून लोकांनी त्यांत टाकावयाचे होते. सुमारे 600 जणांनी प्रतिसाद दिला आणि 1943 साली गावाची तांत्रिक शाळा उघडली.

शाळा संपली तरी शिक्षण संपले नाही. नोकरी सांभाळून काही माजी विद्यार्थ्यांनी सारागोसा विद्यापीठाच्या परीक्षा बाहेरून दिल्या. त्यांच्यापैकी पाच जणांनी 1956 साली उभारलेल्या उद्योगातूनच आजचा विशाल सहकारी समूह वाढला. समूहातील गृहोपयोगी वस्तूंचा मोठा उद्योग 2013 साली दिवाळखोरीत निघाला, हे खरे. परंतु त्यातील पुष्कळ कामगारांना इतर सहकारी संस्थांनी सामावून घेतले. भांडवल बुडाले तरी कसब बुडत नाही.

आपल्याकडे अनेक ठिकाणी आधी सहकारी साखर कारखाना आणि मागाहून शिक्षणसंस्था, असा क्रम झाला. मोंद्रागोनचा क्रम नेमका उलटा आहे. सायंकाळी शाळेला कुलूप लागते, तेव्हा गावाचे भांडवलच पडून राहते. ते कुलूप काढावयास सरकारी आदेशाची वाट कशाला पाहावयाची?