भुईमुगावरची बुरशी विषारी की बिनविषारी? रंगीत बाणांचा नकाशा असा वाचा

शेंगा नीट वाळल्या नाहीत की त्यावर हिरवट-पिवळी बुरशी चढते, हे भुईमूग पिकवणाऱ्याला सांगायला नको. तिचं नाव अस्परजिलस फ्लेव्हस. ती अफलाटॉक्सिन हे विष तयार करते. या विषामुळे यकृताचा कॅन्सर होऊ शकतो, शिजवून-भाजून ते पुरतं जात नाही, आणि बुरशीची पेंड जनावराला घातली तर दुधातही उतरतं. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, त्याचं मूळ ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीतल्या याच विषात निघालं.

पण हिची सगळी भावंडं विषारी नाहीत. जपानमध्ये सोया सॉस आणि मिसो ज्या अस्परजिलस ओरायझी बुरशीने आंबवतात, ती हिची अगदी जवळची नातेवाईक. फरक नेमका कुठे, हे शास्त्रज्ञ एका चित्रात मांडतात.

विष बनवण्याच्या सूचना देणारी 25 हून जास्त जनुकं बुरशीच्या डीएनएवर एकमेकांना लागून वस्ती करून बसलेली असतात. चित्रात प्रत्येक बुरशीची एक आडवी ओळ आणि प्रत्येक जनुकाचा एक बाण. बाणाचं तोंड म्हणजे ते जनुक वाचायची दिशा. वरच्या आणि खालच्या ओळीतली मिळतीजुळती जनुकं पट्ट्यांनी जोडतात. पट्टा जितका गडद, तितकं साम्य जास्त.

आता रंगाचं. एका रंगाचे बाण म्हणजे एका भावकीतली जनुकं, मग ती कुठल्याही ओळीत असोत. ज्याला जोडीदार नाही, त्याला बहुतेक वेळा करडा किंवा पांढरा रंग. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘क्लिंकर’ हे मोफत सॉफ्टवेअर असे गट स्वतःच पाडतं. मुळात 30 टक्के साम्याची अट असते, ती बदलताही येते. मात्र गटांना ते नुसते क्रमांक देतं. कुठला गट काय काम करतो, ते नाव आणि शोभेल तो रंग माणसानेच द्यायचा. यात घोळ होतो, कारण एकाच जनुकाची जुनी-नवी दोन नावं चालतात. जुन्या लेखात ‘पीकेएस-ए’, नव्यात ‘एएफएल-सी’, जनुक तेच. लाल-हिरवा शेजारी ठेवला तर काही जणांना फरकच दिसत नाही, ते वेगळं.

रंगावर पूर्ण भरवसा मात्र ठेवता येत नाही. अमेरिकेत विषारी बुरशीला जागाच मिळू नये म्हणून शेतात मुद्दाम बिनविषारी वाण सोडतात. भुईमुगासाठी वापरला जाणारा ‘अफला-गार्ड’मधला वाण घेतला तर त्याची विषाची अख्खी वस्तीच गायब, ओळ रिकामी दिसते. पण ‘एएफ 36’ या दुसऱ्या वाणात ‘एएफएल-सी’ जनुकातलं फक्त एक अक्षर बदललंय. त्यामुळे सूचना अर्ध्यात तुटते आणि विष तयार होत नाही. तरी चित्रात बाण जागेवर, रंग तोच, पट्टाही गडद! म्हणून जाणते शास्त्रज्ञ अशा बाणावर फुली मारतात आणि बाजूच्या रंगसूचीत ‘निकामी’ असं लिहितात.