मित्रबुरशी बियाण्यासोबतच पेरावी

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन निघाले की त्याच रानात हरभरा पडतो. महिनाभर रान हिरवेगार दिसते आणि एखाद्या सकाळी मधलीच चार झाडे माना टाकतात. पंधरा दिवसांत तिथे बाजेएवढी जागा वाळून जाते. झाड उपटून बुंधा उभा चिरला तर आत मधोमध काळपट रेघ दिसते. हीच मर. तुरीत असे झाले की लोक म्हणतात, तूर उबळली. हरभऱ्यात हे काम फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम नावाची बुरशी करते, तुरीत फ्युजॅरियम उडम. मुळातून शिरून ती पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद करते. जमिनीत ओल असते आणि झाड मात्र तहानेने मरते.

एवढे नुकसान पाहिल्यावर बुरशी या शब्दाचीच धास्ती बसते. पण मर रोखायला शेतकऱ्याच्या हाताशी जे उपाय आहेत, त्यांतला एक स्वतः बुरशीच आहे. तिच्याबद्दलचे गैरसमज दूर झाले, तरच तिचा उपयोग होईल.

गैरसमज १ : निरोगी झाडात बुरशी नसते.

वस्तुस्थिती : धडधाकट झाडाच्या मुळांत, खोडात, पानांतही बुरशी राहते. रोगाचे एकही लक्षण न दाखवता आत वास्तव्य करणाऱ्या या बुरशींना अंतर्वासी बुरशी म्हणतात. हे नाते फार जुने आहे. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही अशी बुरशी दिसते. आजही जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांत मायकोरायझा हा सोबती बुरशीचा प्रकार असतो. झाड त्याला साखर पुरवते, तो दूरवरचे स्फुरद आणून देतो. चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद मातीत अडकून बसते, तिथे ही मदत मोलाची ठरते. मोहरी आणि कोबीच्या कुळातील पिके मात्र सहसा ही सोबत करत नाहीत.

गैरसमज २ : फ्युजॅरियम म्हटले की ती घातकच.

वस्तुस्थिती : फ्रान्समध्ये शातोरनार भागातल्या काही जमिनींत मर रोगाची बुरशी असूनही पिके तग धरून राहत. त्या मातीतून शास्त्रज्ञांनी फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरमचाच एक निरुपद्रवी वाण वेगळा केला. त्याला एफओ ४७ म्हणतात. तो मुळात शिरतो, पण झाडाला मारत नाही. उलट घातक भाऊबंदांना जागा आणि अन्न मिळू देत नाही. प्रजाती एकच, पण एक वाण झाड मारणारा आणि दुसरा राखणारा.

गैरसमज ३ : मित्रबुरशी फक्त रोगाची बुरशी खाऊन टाकते.

वस्तुस्थिती : आपल्याकडे सर्वाधिक वापरली जाणारी ट्रायकोडर्मा हे कामही करते. रोगकारक बुरशीच्या धाग्यांना ती वेटोळे घालते आणि विकरे सोडून त्यांची भिंत विरघळवते. पण तिचे दुसरे काम अधिक खोल आहे. ती मुळाच्या बाहेरच्या थरांतील पेशींमध्ये शिरते. झाड तिला ओळखते, तिच्याभोवती पेशींच्या भिंती जाड करून तिला तिथेच थोपवते आणि या निमित्ताने स्वतः सावध होते. जॅस्मोनिक आम्ल आणि इथिलिन यांच्यामार्फत हा निरोप मुळापासून पानांपर्यंत जातो. पुढे खरा शत्रू आला की झाडाचा प्रतिकार लवकर आणि जोरात उभा राहतो.

याचा ठळक दाखला आपल्याच देशातल्या बुरशीने दिला आहे. राजस्थानच्या थर वाळवंटातील झुडपांच्या मुळांभोवती पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही बुरशी सापडली आणि १९९८ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे जवाच्या रोपांवर प्रयोग झाले. बुरशी होती मुळात, पण पानांवरची भुरीही कमी झाली. द्राक्षबाग सांभाळणाऱ्याला भुरी म्हणजे काय ते सांगायला नको.

गैरसमज ४ : मर दिसली की ट्रायकोडर्मा सोडावी, झाड उठेल.

वस्तुस्थिती : नळ्या बंद झालेले झाड पुन्हा उठत नाही. मित्रबुरशीला मूळ कोवळे असतानाच जागा मिळवावी लागते. म्हणून ती बियाण्यासोबत जायला हवी. हरभऱ्याला किलोमागे ५ ग्रॅम धरले, तर एकरी ३० किलो बियाण्याला १५० ग्रॅम पुरते. बियाणे किंचित ओलसर करून भुकटी चोळावी, सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. जमिनीत द्यायची असेल तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावा राखून, सावलीत आठवडाभर झाकून ठेवावी आणि मग रानात पसरावी. शेणखत हेच तिचे अन्न.

गैरसमज ५ : रासायनिक औषध आणि मित्रबुरशी एकत्र चोळली की दुप्पट संरक्षण मिळते.

वस्तुस्थिती : कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक शत्रू-मित्र ओळखत नाही, ते ट्रायकोडर्मालाही मारते. थैलीतले बियाणे आधीच रंगीत, औषध लावलेले असेल, तर ट्रायकोडर्मा त्याला न चोळता शेणखतातून द्यावी. रायझोबियमसारखे जिवाणू संवर्धक सर्वांत शेवटी लावावे. स्फुरदाच्या खतांचा अतिरेक झाला, तर मायकोरायझाचीही वाढ मंदावते.

गैरसमज ६ : पुडी घरात असली की कधीही वापरता येते.

वस्तुस्थिती : पुडीत जिवंत बीजाणू असतात. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे ट्रायकोडर्माच्या एका ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत घटक असायला हवेत. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापलेल्या पुडीत ते उरत नाहीत. तारीख पाहून, पेरणीच्या तोंडावरच ती घ्यावी आणि थंड जागी ठेवावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे बायोमिक्स हे मित्रबुरशी आणि जिवाणूंचे मिश्रण मराठवाड्यात परिचित आहे. आपल्या पिकासाठीचे प्रमाण तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घेता येते.

गैरसमज ७ : मित्रबुरशी वापरली की दुसरे काही करायला नको.

वस्तुस्थिती : हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकू शकते. म्हणून त्याच रानात वर्षानुवर्षे हरभरा घेऊ नये. वाण निवडताना राहुरीचे विजय, दिग्विजय किंवा तुरीत बदनापूरचा बीडीएन ७११ असे मर रोगाला तोंड देणारे वाण घ्यावेत. सोयाबीनचे न कुजलेले काड रानात राहिले तर मानकुजव्याला वाव मिळतो. त्या रोगात बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीसारखे दाणे दिसतात. फेरपालट, वाण आणि कुजलेले खत यांची जोड मिळाली की मित्रबुरशीला काम करायला जमीन मिळते.

कोरडवाहू शेतकऱ्याजवळ दुसऱ्यांदा पेरायला ना पैसा असतो ना ओल. एकरभर हरभऱ्यासाठी तळहातावर मावेल एवढी भुकटी आणि सावलीतला तासभर वेळ एवढीच ही तजवीज आहे. तिची वेळ मात्र एकच आहे: तिफण रानात जाण्याआधीची.