स्वादुपिंडातली सिस्ट: काढायची की पाहत राहायचे?

सीटी स्कॅन केला जातो मूतखड्यासाठी आणि अहवालात निघते स्वादुपिंडातली सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. ‘काढूनच टाका’ ही घरच्यांची प्रतिक्रिया स्वाभाविक आहे, पण माझ्या मते बहुतेकदा घाईची. पाण्यासारखा पातळ द्रव असलेली सिरस सिस्ट कर्करोगाकडे जवळजवळ कधीच वळत नाही. बुळबुळीत श्लेष्मा असलेली वळू शकते, आणि स्कॅनवर दोन्ही अनेकदा सारख्याच दिसतात. एंडोस्कोपीतून सुई घालून काढलेल्या द्रवात सीईए हे प्रथिन दर मिलिलिटरला १९२ नॅनोग्रॅमच्या वर निघाले, तरी कळते एवढेच की सिस्ट बहुधा श्लेष्माची आहे. कर्करोग आहे की नाही, हे तो आकडा सांगत नाही.

मग धोका कशाला ठेवायचा, असे कोणी विचारील. पण धोका शस्त्रक्रियेतही आहे. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची सिस्ट काढताना बहुधा व्हिपल शस्त्रक्रिया करावी लागते. तीत लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि पित्ताशयही जाते, जोडातून पाचकरस गळू शकतो, पुढे मधुमेह जडू शकतो. स्वादुपिंडाची मुख्य नलिका १० मिलिमीटरपर्यंत फुगली, सिस्टच्या आत घट्ट गाठ दिसली किंवा तिच्यामुळे कावीळ झाली, तर मात्र थांबू नये. बाकीच्यांनी ठरल्या वेळी एमआरआय करावा. आणि वयामुळे शस्त्रक्रिया झेपणारच नसेल, तर तोही थांबवणे योग्य.