आधी उतार, मग चढ

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रणरणते ऊन येते. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मुलांकडे निघालेले अनेक पालक ‘ग्रँड कॅनियनला जाणार आहोत, एक-दोन रात्री तंबूत राहणार आहोत, काय काळजी घेऊ?’ असे विचारायला येतात. त्यांच्या यादीत टोपी, गॉगल आणि पाण्याच्या बाटल्या असतात. या वस्तू हव्याच. पण हिवाळ्यातल्या वाळवंटात खरा धोका असतो तो थंडीचा.

ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने कोरलेल्या या प्रचंड दरीचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर! नदी या काठापासून सुमारे १४०० मीटर खाली वाहते. जानेवारीत काठावर दुपारचे सरासरी तापमान ५ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि रात्री ते उणे ८ अंशांपर्यंत उतरते. तळाशी मात्र दुपारी १३ अंशांच्या आसपास, म्हणजे सुखद गारवा. वर बर्फ आणि खाली निवडुंग, असे दोन ऋतू एकाच पायवाटेवर भेटतात.

आपल्याकडे गडावर जाताना आधी चढ असतो. दम लागला तर मागे फिरायचे. घरची वाट उताराची असते. इथे सगळे उलटे आहे. ताजेतवाने असताना उतरायचे आणि पाय थकल्यावर चढायचे. शिवाय चढायला उतरण्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. डिसेंबरअखेर तिथला दिवस दहा तासांचाही नसतो आणि दरीत ऊन त्याआधीच जाते. म्हणजे घामाने भिजलेला, पोट रिकामे झालेला माणूस नेमका संध्याकाळी वरच्या गारठ्यात पोहोचतो. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ नका, असे उद्यान प्रशासनच बजावते.

शरीराच्या आतले तापमान साधारण ३७ अंश असते. ते ३५ अंशांखाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बाहेर शून्याखालचीच थंडी लागते असे नाही. ओले कपडे, वारा आणि थकवा एकत्र आले की ५-१० अंशांतही हे घडते. हुडहुडी भरते तेव्हा स्नायू थरथरून उष्णता तयार करत असतात. या कामाला इंधन लागते आणि उपाशी, दमलेल्या शरीरात ते कमी असते. तापमान ३२ अंशांच्या आसपास उतरले की हुडहुडी मंदावते, पुढे थांबते. ‘आता थंडी वाजत नाही’ हे तेव्हा बरे होण्याचे लक्षण नसते.

थंडी आधी विवेकावर घाला घालते. माणूस चिडचिड करतो, अडखळत बोलतो, ठेचकाळतो, त्याला जॅकेटची चेन लावता येत नाही. काही जण तर शेवटच्या टप्प्यात उकडते म्हणून कपडे काढतात. आपले काही बिनसले आहे हे त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून एकट्याने जाऊ नये आणि सोबत्यांनी एकमेकांवर लक्ष ठेवावे.

अशी लक्षणे दिसली तर वाऱ्यापासून आडोसा शोधा. ओले कपडे काढून कोरडे घाला, डोके झाका. जमीन अंगातली उष्णता खेचते, म्हणून पाठीखाली जाड चटई हवी. माणूस पूर्ण शुद्धीत असेल तर गरम, गोड पेय आणि खाणे द्या. मद्य मुळीच देऊ नका. त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता अधिक निघून जाते. हातपाय चोळू नका. गुंगी आली असेल तर आडवे ठेवा, हिसका न देता हलवा आणि तातडीने मदत मागवा. अतिथंड हृदयाची लय धक्क्यानेही बिघडू शकते. सुती कपडे ओले झाले की ऊब देत नाहीत, त्यामुळे आतले कपडे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या.

थंडीत तहान कमी लागते आणि लघवी जास्त होते. कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जाते. म्हणून ठरवून घोट घोट पाणी प्या. वाटेवरचे काही नळ हिवाळ्यात बंद असतात, तर साऊथ कैबाब या वाटेवर पाणी कुठेच मिळत नाही.

दरीत तंबू ठोकायला परवाना लागतो आणि तिथे शेकोटीला मनाई आहे. म्हणून कोणी स्टोव्ह तंबूत घेतो. बंद खोलीतल्या शेगडीने आपल्याकडे जीव जातात, तोच धोका इथेही आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोके दुखते, मळमळते आणि झोपेतच माणूस जातो.

हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावरचा ताण वाढतो. मधुमेहींनी इन्सुलिन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरू नये. पायांची संवेदना कमी असेल तर हिमदंश लक्षात येत नाही, म्हणून रोज रात्री बोटे पाहावीत.

काठावरून दिसणारी दरीही डोळ्यांचे पारणे फेडते. तरी उतरायचेच असेल, तर परतीची वेळ निघण्यापूर्वी, डोके ताळ्यावर असताना ठरवा. सकाळी ९ वाजता निघून दुपारी ३ वाजता वर यायचे असेल, तर ११ वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा. पुढचे वळण कितीही खुणावत असले तरी.