मुलाच्या नावाने राज्य चालविणाऱ्या ताराबाई

घरचा कर्ता माणूस गेला आणि मुलगा लहान असला, तर जमीन कोण पाहणार? आई पाहते. सात-बाराच्या उताऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अ. पा. क. आई' असे लिहितात. 'अ' म्हणजे अज्ञान. १८ वर्षांच्या आतल्या मुलाला कायद्यात अज्ञान म्हणतात. 'पा. क.' म्हणजे पालनकर्ती. जमीन मुलाची, कारभार आईचा.

राज्याचेही असेच होई. फ्रान्स देशाचा राजा १२२६ साली वारला. मुलगा लुई १२ वर्षांचा. त्याची आई ब्लांश हिने बंडखोर सरदारांना आवरून राज्य राखले. आपल्याकडे ही पाळी ताराबाईंवर आली.

ताराबाई म्हणजे सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक आणि शिवाजी महाराजांची धाकटी सून. औरंगजेबाने १६८९ साली संभाजी महाराजांना ठार केले. त्यांचा लहान मुलगा शाहू मोगलांच्या कैदेत पडला. मग राजाराम महाराजांनी राज्य सांभाळले. पण १७०० च्या मार्चमध्ये तेही पुण्याजवळ सिंहगडावर वारले.

ताराबाईंचे वय तेव्हा अवघे २५ वर्षांचे. मुलगा चार वर्षांचा. दाराशी बादशहाची फौज. बाई खचल्या नाहीत. मुलाला गादीवर बसवून त्यांनी कारभार हाती घेतला.

त्यांनी लढाई कशी चालविली, पाहा. बादशहा एकेका किल्ल्याला वेढा घालून बसे. मराठे किल्ला महिनोन् महिने झुंजवीत. अगदी टेकीस आले म्हणजे पैसे घेऊन किल्ला सोडीत. पुढे संधी साधून तोच किल्ला परत घेत. सिंहगड १७०३ साली मोगलांकडे गेला, पण मराठ्यांनी तो पुन्हा जिंकला. इकडे बादशहा डोंगरात अडकला, तिकडे मराठी घोडी नर्मदा ओलांडून माळव्यात आणि गुजरातेत शिरली. १७०७ साली बादशहा अहमदनगरजवळ मेला. मराठ्यांचे राज्य काही त्याला बुडवता आले नाही. मोगलांकडील इतिहासकार खाफीखान यानेही ताराबाईंच्या हुशारीची तारीफ केली आहे.

मग शाहू महाराज कैदेतून सुटून आले. ते म्हणाले, गादी माझी. ताराबाई म्हणाल्या, जुने राज्य गेले. हे राज्य माझ्या पतीने नव्याने उभे केले, म्हणून ते माझ्या मुलाचे. पुणे जिल्ह्यात खेडला मराठे मराठ्यांशीच लढले. सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. ताराबाई हरल्या. राज्याच्या दोन वाटण्या झाल्या, एक सातारा आणि दुसरी कोल्हापूर. १७१४ साली कोल्हापुरात सवतीचा मुलगा गादीवर आला, आणि ताराबाई व त्यांचा मुलगा कैदेत पडले. १७६१ साली ताराबाई साताऱ्यात वारल्या.

त्यांचे म्हणणे खरे की शाहूंचे, यावर आजही वाद होतो. आम्हांस एवढे दिसते की, परक्यापासून राखणे जितके कठीण, तितकेच घरच्या वाटणीचा तंटा मिटवणेही कठीण. शेताचेही तसेच आहे. अज्ञान मुलाच्या मालकीची जमीन आईला किंवा बापालाही कोर्टाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. तेव्हा आपला उतारा आता दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. स्वतः वाचा. नाव कोणाचे आणि पालनकर्ते कोण, ते नीट पाहा.